माक्याचं तेल : बांधापासून बाटलीपर्यंत

श्रावण उतरणीला लागला की भातखाचराच्या बांधावर, पाटाच्या कडेला, नारळ-सुपारीच्या आगरात आणि विहिरीभोवतीच्या ओलीत माका माजतो. गणपतीच्या २१ पत्रींत त्याचा मान आहे, पाठोपाठ पितृपक्षात श्राद्धालाही त्याची पानं लागतात. पूजेपुरता पाला खुडला की बाकीचं रोप तण म्हणून उपटून फेकलं जातं. केसांचं तेल करायचं तर मात्र हेच दिवस उत्तम. रोप रसरशीत असतं, फुलावर आल्यामुळे ओळख नीट पटते आणि हवा तेवढा पाला एका जागी मिळतो.

संस्कृतात त्याला भृंगराज, केशराज, मार्कव म्हणतात. वनस्पतिशास्त्रात तो एक्लिप्टा प्रोस्ट्रेटा. जुन्या पुस्तकांत एक्लिप्टा आल्बा या नावानं सापडतो. कूळ सूर्यफुलाचं. तमिळनाडूत करिसलांकण्णी या नावानं त्याची पालेभाजी होते. गोंदणाच्या कामातही त्याचा रस वापरला गेला आहे, कारण हा रस हवा लागताच काळा पडतो. आयुर्वेदानं त्याचा उपयोग केस, त्वचा, यकृत अशा अनेक ठिकाणी सांगितला. त्यातला घरच्या घरी, निर्धास्तपणे करण्याजोगा उपयोग एकच, तो म्हणजे डोक्याला लावायचं तेल.

विकतच्या बाटलीवर माक्याचं चित्र मोठं असतं, पण आत माका किती आणि आधाराला तेल कोणतं, हे मागच्या बारीक अक्षरांतच कळतं. काही केशतेलांत तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलाऐवजी खनिज तेल असतं. घरी केलेल्या तेलात काय गेलं हे आपल्याला माहीत असतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण तेल घरचं आहे एवढ्यानं ते चांगलं होत नाही. रोप खरं असावं, प्रमाण बरोबर असावं आणि आच योग्य क्षणी बंद व्हावी. या तिन्हींपैकी एक जरी चुकलं, तरी हाती येतं ते फक्त हिरवट रंगाचं तेल.

साहित्य

तीळ तेल (लाकडी घाण्याचं, न भाजलेल्या तिळाचं) – २०० मिली
माक्याचा ताजा रस – ८०० मिली
कल्क, म्हणजे ओलं वाटण – ५० ग्रॅम. यात माक्याची कोवळी पानं ३० ग्रॅम, त्रिफळा चूर्ण १० ग्रॅम, उपलसरीच्या मुळीचं चूर्ण १० ग्रॅम.

रसासाठी साधारण दोन ते अडीच किलो ओला माका हाताशी ठेवावा. पाला कोवळा असेल तर रस जास्त सुटतो, पाऊस उघडल्यावर निबर झालेल्या पाल्यातून कमी.

वाटण एक भाग, तेल चार भाग आणि रस सोळा भाग हे प्रमाण आयुर्वेदातल्या सिद्ध तेलांचं सर्वसाधारण प्रमाण आहे. शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यम खंडात तेला-तुपाच्या पाकाचं प्रकरण आहे, तिथे ते सांगितलेलं आहे. त्याच ग्रंथात भृंगराज तेलाचा पाठ आहे : माक्याचा रस, त्रिफळा, उपलसरी आणि मंडूर. कोंडा, डोक्याची खाज, अकाली पिकणारे केस यांवर तो दिला आहे. मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना कीट. तो शुद्ध करून, भस्म करून घ्यावा लागतो आणि ते काम औषधशाळेचं आहे. म्हणून घरच्या कृतीत तो वगळला आहे.

कोकणात आणि गोव्यात तिळाऐवजी खोबरेल घेतात. प्रमाण तेच. मात्र खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. विदर्भ-मराठवाड्याच्या थंडीत ते बाटलीत घट्ट बसेल, तिथे तिळाचंच बरं.

भांडी

तीन-चार लिटरची जाड बुडाची कढई किंवा पातेलं हवं. एक लिटर ऐवजाला एवढं मोठं भांडं कशाला, असं वाटेल. पण सुरुवातीला रस फेसाळून वर येतो आणि लहान भांड्यातून थेट शेगडीवर उतू जातो. तेलमिश्रित फेस आचेवर पडला तर भडका उडतो. स्टीलचं जाड भांडं चालतं. लोखंडी कढईत तेल अधिक काळं होतं आणि जुन्या घरांत तीच पसंत करतात. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई नसलेलं पितळेचं भांडं घेऊ नये.

शिवाय सपाट टोकाचं उलथनं, खलबत्ता किंवा मिक्सर, धुतलेलं जाड मलमल, वजनकाटा, मापाचं भांडं आणि कोरडी काचेची बाटली लागेल. बाटली आदल्या दिवशी उकळून, उन्हात वाळवून ठेवावी.

पायरी १ : ओळख

या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ द्यावा.

माका गुडघ्याच्या आत-बाहेर उंचीचा असतो, कधी जमिनीलगत पसरतो. खोड हिरवट-तांबूस, आणि ओल्या मातीला टेकलेल्या पेरातून पांढरी मुळं फुटलेली. पानं समोरासमोर, लांबट, टोकाकडे निमुळती, जवळजवळ बिनदेठाची. पानावरून बोट फिरवलं तर खरखर लागते, कारण दोन्ही बाजूंना आखूड पांढरी लव असते. पानाच्या बेचक्यातून बारीक देठ निघतो आणि त्यावर जेमतेम एक सेंटिमीटरचं पांढरं फूल. पाकळ्या गळल्या की मागे हिरवी चपटी गोंडी राहते, तिच्यातलं बी पिकून काळं होतं.

आता खरी परीक्षा. कोवळं खोड मोडून अंगठा आणि तर्जनी यांच्यात चुरडावं. आधी हिरवा ओलावा लागतो. दोन-चार मिनिटं बोटं तशीच ठेवली की तो काळसर होत जातो, अंगठ्याच्या रेषांत आणि नखाच्या कडेला शाईसारखा बसतो आणि साबणानं एका धुण्यात जात नाही. मोडलेल्या खोडाचं टोकही काळवंडतं. असा डाग पडला नाही तर ते रोप बाजूला ठेवावं.

गफलत होते ती पुढच्या रोपांशी.

दगडी पाला, म्हणजेच एकदांडी. हाही सगळीकडे उगवतो. त्याचं फूल वीतभर उंच एकट्या दांडीवर असतं, मध्य पिवळा आणि कडेच्या पाकळ्या पांढरट. पानांच्या कडा खोल दातेरी. ताज्या खरचटण्यावर त्याचा रस लावण्याची खेड्यापाड्यांत रीत आहे, पण तो माका नव्हे.

पिवळा माका. पानं पुष्कळशी सारखी, फूल मात्र पिवळं. परंपरेनं त्यालाही भृंगराजात धरलं आहे, तरी ही वनस्पती वेगळी. या कृतीसाठी पांढऱ्या फुलाचाच घ्यावा. शहरात रस्त्याच्या दुभाजकांवर पसरलेली, तीन टोकांच्या तुकतुकीत पानांची आणि मोठ्या पिवळ्या फुलांची वेल तर शोभेसाठी लावलेली परदेशी जात आहे. तिचा इथे संबंध नाही.

गाजर गवत. यालाही बारीक पांढरी फुलं येतात, पण पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली. त्यानं अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं. माक्याच्या जुडीत त्याची एखादी काडी आली तरी ती वेचून काढावी.

गणपतीच्या दिवसांत बाजारात पत्रीच्या जुड्या मिळतात. तिथून माका घेतला तरी प्रत्येक जुडी सोडून, काडी काडी पाहून घ्यावी. विकणारा रोजचा जाणकार असतो, तरी घाईच्या दिवसांत जुडीत काहीही मिसळतं.

पायरी २ : तोडणी

जागा आधी पाहावी. माका ओलीचा भुकेला, त्यामुळे गटाराकाठी आणि कारखान्याच्या सांडपाण्यावर तो सर्वांत जोमानं येतो. असल्या जागेचा माका घेऊ नये. मातीतलं आणि पाण्यातलं नको ते झाडात उतरतं. ज्या शेतात किंवा बांधावर नुकतंच तणनाशक फवारलं आहे तिथलाही नको. मालकाला विचारावं. विचारलं की फवारणीची माहितीही आपोआप मिळते.

उपटू नये. धारदार विळीनं किंवा कात्रीनं जमिनीपासून चार बोटं वर, एक-दोन पेरं शिल्लक ठेवून कापावं. त्या पेरांतून नवे धुमारे फुटतात. जागेवरची निम्मी रोपं तरी बी धरायला सोडावीत, कारण पुढच्या पावसातला माका त्याच बियांतून येणार.

सकाळी तोडावं आणि त्याच दिवशी रस काढावा. तोडलेला माका पिशवीत कोंबून ठेवला तर तासा-दोन तासांत गरम होतो, काळा पडतो. टोपलीत किंवा सुती पिशवीत सैल ठेवून आणावा.

पायरी ३ : धुणं

पिवळी, कीड लागलेली पानं आणि मुळं काढून टाकावीत. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन जुड्या बुडवून हलवाव्यात, माती खाली बसू द्यावी आणि पाला वरून उचलून घ्यावा. असं किमान तीन पाण्यांनी करावं. पेरांतल्या मुळांशी चिखल चिकटलेला असतो, तिथे बोटानं चोळावं. मग चाळणीत किंवा पंचावर पसरून पाणी निथळू द्यावं. पाल्यावर राहिलेलं पाणी पुढे आटवावंच लागतं. तेवढा वेळ आणि इंधन वाया.

पायरी ४ : रस

पाला-खोड बोटभर लांबीचं चिरून खलबत्त्यात कुटावं किंवा मिक्सरमध्ये वाटावं. मिक्सर फिरत नसेल तर थोडं उकळून गार केलेलं पाणी घालावं, पण भांडं भरून नाही. वाटलेला लगदा मलमलमध्ये घेऊन पिळावा. पहिला रस वेगळा ठेवावा. मग चोथ्यावर थोडं पाणी शिंपडून पुन्हा वाटावं आणि दुसरा रस काढावा. दोन्ही मिळून ८०० मिली व्हायला हवेत.

रस दहा मिनिटं स्थिर ठेवावा. तळाशी बारीक माती बसते. ती सोडून वरचा रस हलकेच ओतून घ्यावा. एवढ्या वेळात हिरव्याचा काळसर हिरवा रंग झालेला असेल. हा बिघाड नाही, माक्याच्या रसाचा गुणच आहे. मात्र रस रात्रभर ठेवू नये, तो आंबतो.

ओला माका मिळत नसेल तर खात्रीच्या दुकानातून वाळलेला घेऊन काढा करता येतो. ४०० ग्रॅम भरड माका ३ लिटर २०० मिली पाण्यात रात्री भिजवावा, सकाळी मंद आचेवर चौथाई, म्हणजे ८०० मिली, होईपर्यंत आटवावा आणि गाळावा. ओल्या रसाचं तेल सरस. काढ्याचं तेल ही दुसरी पसंती.

पायरी ५ : कल्क

त्रिफळा आणि उपलसरीचं चूर्ण माक्याच्या थोड्या रसात अर्धा तास भिजवावं. कोवळी पानं घालून गंधासारखं मऊ वाटावं. वाटण रवाळ राहिलं तर पाकाची परीक्षा करताना वात वळत नाही, म्हणून इथे हात आखडता घेऊ नये. चूर्णं नसतील तर ५० ग्रॅम नुसता माका वाटावा, तेल होतंच.

पायरी ६ : तेल तापवून थंड करणं

कढईत तेल घालून मंद आचेवर तापवावं. सुरुवातीला कडेला बारीक फेस येईल, तो विरला की आच बंद करावी. धूर येईपर्यंत थांबायचं नाही. मग तेल कोमट होईपर्यंत वाट पाहावी.

इथे घाई केली तर हात भाजतो. कडक तेलात ओलं वाटण पडलं की पाण्याची वाफ एका क्षणात फुटते आणि तेल उसळून अंगावर येतं. तेलात बोट सुखानं बुडवता येईल एवढं निवलं की आधी कल्क घालून ढवळावा, मग रस हळूहळू ओतावा. मुलांना या कामापासून दूर ठेवावं.

पायरी ७ : पाक

मध्यम आचेवर एक उकळी आणावी. हिरवा-काळा फेस चढू लागेल. उलथन्यानं तो मोडत राहावं आणि आच लगेच मंद करावी. अर्धा तास उकळू देऊन आच बंद करावी, वर पातळ फडकं बांधून भांडं रात्रभर ठेवावं. तेल, तूप, गूळपाक एका दिवसात उरकू नयेत, रात्रभर मुरले की त्यांचा गुण वाढतो, असं शार्ङ्गधर सांगतो. त्यामागचं कारण घरातही पटतं : रसात आणि कल्कात जे आहे त्याला तेलात उतरायला वेळ मिळतो आणि आपल्यालाही दुसऱ्या दिवशी ताज्या लक्षानं पुढची निर्णायक पायरी करता येते. मात्र एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नये.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मंद आचेवर ठेवावं. एवढं पाणी आटायला दोन ते चार तास लागतात. आच, भांड्याचं तोंड आणि हवेतला दमटपणा यांवर ते ठरतं. लवकर व्हावं म्हणून आच वाढवली तर बुडाचा कल्क करपतो आणि वरचं पाणी मात्र तसंच राहतं.

जोवर भांड्यात पाणी आहे तोवर तेल शंभर अंशांच्या आसपासच राहतं. पाण्याची वाफ सगळी जास्तीची उष्णता घेऊन जाते. पाणी संपलं की ही राखण संपते आणि तेलाचं तापमान झपाट्यानं चढतं. म्हणून पहिले काही तास अधूनमधून ढवळलं तरी भागतं, शेवटची वीस-पंचवीस मिनिटं मात्र कढईपासून हलायचं नाही. फोन, दार, दुसरं काही असेल तर आच बंद करून जावं. बंद केलेली आच पुन्हा लावता येते, करपलेलं तेल परत आणता येत नाही.

ढवळताना उलथनं तळाला टेकवून खरवडत न्यावं. पहिल्या टप्प्यात कल्क पातळ असतो आणि बुडबुडे मोठे, सावकाश फुटणारे. दुसऱ्या टप्प्यात कल्क दाटतो, उलथन्याला चिखलासारखा धरतो, बुडबुड्यांचा आवाज चुरचुरीत होतो. तिसऱ्यात कल्क तेलापासून सुटतो, त्याच्या मऊ गोळ्या दिसू लागतात आणि आवाज विरळ होतो. आता परीक्षा सुरू करायची.

पायरी ८ : पाकाची परीक्षा

चमच्यावर थोडा कल्क काढून निवू द्यावा आणि अंगठा व दोन बोटांमध्ये वळावा.

कल्क बोटांना चिकटत असेल, दाबल्यावर ओलसर लागत असेल, तर अजून पाणी आहे. याला मृदू पाक म्हणतात.

कल्काची दिव्याच्या वातीसारखी गुळगुळीत वात वळली, बोटांना चिकटली नाही, मोडताना किंचित लवचीक लागली, तर मध्यम पाक. आपल्याला हाच हवा.

वात वळता वळता तुटत असेल, कल्क कडक आणि दाणेदार लागत असेल, तर खर पाक. ग्रंथात अंगाला चोळायच्या तेलासाठी खर पाक सांगितला आहे, पण त्याच्या आणि करपण्याच्या मध्ये फार थोडा अवकाश असतो. घरी तेल करणाऱ्यानं मध्यमावर थांबावं.

दुसरी परीक्षा आवाजाची. वळलेल्या वातीचा छोटा तुकडा चिमट्यात धरून निरांजनाच्या ज्योतीवर न्यावा. तडतड झाली तर आत पाणी आहे. मुकाट्यानं जळला तर पाणी संपलं. ही परीक्षा कढईपासून दूर, वेगळ्या जागी करावी.

तिसरी परीक्षा फेसाची. रसाचा मोठा फेस केव्हाच बसलेला असतो. पाक होत आला की तेलावर पुन्हा बारीक, पांढरट फेस धरू लागतो. तुपाचं याच्या उलट आहे. पाक झाला की त्याचा फेस शमतो. तूप कढवण्याची सवय असलेला हात इथे फसू शकतो आणि फेस शमण्याची वाट पाहत तेल करपवतो.

तिन्ही खुणा जुळल्या की त्याच क्षणी आच बंद करावी. भांडं गरम चुलीवरून उतरवून ठेवावं, कारण जाड बुडाची उष्णता पुढेही काही मिनिटं पाक चालू ठेवते.

पायरी ९ : गाळणं आणि साठवणं

तेल सोसवेल इतकं गरम असताना कोरड्या दुपदरी मलमलमधून गाळावं. फार निवलं तर कल्कातून तेल सुटत नाही. पुरचुंडी दोन चमच्यांमध्ये दाबून पिळावी. २०० मिलीतलं थोडं तेल कल्क धरून ठेवतो, तेव्हा थोडी घट दिसली तर गोंधळू नये.

गाळलेलं तेल झाकण न लावता, वर फडकं टाकून पूर्ण गार होऊ द्यावं. गरम तेलाला झाकण लावलं तर वाफेचे थेंब परत तेलात पडतात आणि इतका वेळ जे पाणी घालवलं तेच पुन्हा आत येतं. गार झाल्यावर कोरड्या बाटलीत भरावं. बाटलीवर तेलाचं नाव, घटक आणि तारीख लिहावी. उन्हापासून दूर ठेवलेलं घरचं तेल सहा महिन्यांत संपवावं. ओला हात किंवा ओला चमचा बाटलीत जाता कामा नये.

चांगल्या तेलाचा रंग काळसर हिरवा, वास माक्याचा आणि तिळाचा, पोत स्वच्छ. तीन-चार दिवसांनी बाटली उजेडात धरून पाहावी. तळाशी पाण्याचे थेंब किंवा गढूळ थर दिसला तर पाक कच्चा राहिला आहे. वास ठीक असेल तर तेल लगेच पुन्हा मंद आचेवर, आवाज थांबेपर्यंत तापवावं. आंबूस किंवा खवट वास आला, बुरशी दिसली किंवा मुळातच करपट वास असेल, तर मन घट्ट करून ते तेल टाकून द्यावं. टाळूवर प्रयोग करू नये.

लावण्याची रीत

पहिल्यांदा थोडं तेल कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावं. खाज, लाली, पुरळ आलं तर हे तेल आपल्यासाठी नाही. झेंडू, शेवंती किंवा गाजर गवताची ॲलर्जी असलेल्यांनी विशेष जपावं. माका त्याच कुळातला आहे.

एक-दोन चमचे तेल वाटीत घेऊन, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावं. केसांचे भांग पाडत बोटांच्या टोकांनी टाळूला लावावं, नखं लागू देऊ नयेत, दहा मिनिटं हलक्या हातानं चोळावं. तासाभरानं न्हावं. आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. या तेलाचा डाग पडतो, म्हणून उशीवर जुनं कापड घालावं.

तेलकट, पिवळट कोंडा असेल आणि टाळू लाल झालेली असेल तर कुठलंही तेल थापू नये. तेलानं असा कोंडा वाढू शकतो. जखमा, उवांमुळे चिघळलेली टाळू, गजकर्ण यांवरही नको.

काय होतं, काय होत नाही

नियमित लावलेल्या तेलानं टाळूचा कोरडेपणा जातो, केस मऊ होतात, विंचरताना तुटणं कमी होतं. माक्यात वेडेलोलॅक्टोन नावाचं द्रव्य आहे आणि त्यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत माक्याच्या अर्कानं केसवाढीला चालना मिळालेली दिसली. माणसांवरचा तेवढा भक्कम पुरावा अजून नाही. पिकलेले केस या तेलानं मुळापासून पुन्हा काळे होतात, हे मी कुणालाही सांगणार नाही.

केस अचानक गळू लागले तर आधी कारण शोधावं. रक्त कमी असणं, थायरॉइडचा बिघाड, बाळंतपण, टायफॉइड किंवा डेंगीसारखा मोठा ताप, यांमुळे केस गळतात. तापानंतरची आणि बाळंतपणानंतरची गळ दोन-तीन महिन्यांनी सुरू होते आणि बहुतेकदा आपोआप थांबते. नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडली तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. तेल लावत बसून महिने घालवू नयेत.

पोटात घेण्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. वैद्य माका यकृताच्या आणि प्लीहेच्या विकारांत देतात, पण ते रोगी पाहून, मात्रा ठरवून देतात. कावीळ झाली की कुणी पाला सांगतं आणि चार दिवस त्यात जातात. कावीळ हे लक्षण आहे. त्यामागे विषाणू असेल, पित्ताशयातला खडा असेल किंवा आणखी काही. रक्ततपासणी त्याच दिवशी व्हावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसंच नेहमीची औषधं चालू असलेल्यांनी वैद्याला विचारल्याशिवाय माका पोटात घेऊ नये.

आणखी एक जुनी रीत इथे नोंदवून थांबवायला हवी. तान्ह्या बाळाला सर्दी झाली की माक्याच्या रसाचे दोन थेंब मधात चाटवत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत राहून इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिणारे विल्यम डायमॉक यांनी ती नोंदवली आहे. आज आपल्याला ठाऊक आहे की एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं धोक्याचं. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. रीत आजीची असली तरी ती आता करू नये. परंपरेतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवणं हाही परंपरा सांभाळण्याचाच भाग आहे.

उरलेल्या माक्याचं काय

जास्तीचा माका धुऊन, निथळून, सावलीत पातळ पसरावा. रोज उलथावा. पानं बोटांत कुरकुरीत चुरू लागली की कुटून, चाळून कोरड्या डब्यात भरावीत. हे चूर्ण दह्यात किंवा कोमट पाण्यात कालवून अर्धा तास डोक्याला लावता येतं, आणि पुढच्या तेलाच्या कल्कातही घालता येतं. तेलाचा पिळलेला चोथा जळणात जातो.

आणि चार पेरांचा एक तुकडा कुंडीत लावावा. ओल्या मातीत आडवा दाबला की पेरापेराला मुळं धरतो. फार ऊन लागत नाही, पण पाणी रोज हवं. पावसाळाभर दोन-तीन कुंड्यांतून पूजेचा पाला आणि थोडा रस सहज निघतो.

बांधावर तणनाशक फवारलं जातं आहे, मातीचे पाट सिमेंटचे होत आहेत. या दोन्हींमुळे माक्याची ओल जाते आणि ओलीबरोबर तोही. जिथे तो अजून उभा आहे तिथून गरजेपुरताच घ्यावा, बी पडू द्यावं आणि घरातल्या एखाद्या मुलाला तो डाग पाडून ओळखायला शिकवावं. तेलाची कृती कागदावर राहील; रोप ओळखणारे डोळे मात्र माणसानंच माणसाला द्यावे लागतात.